वेशीवरचा थेंब

उकडीच्या मोदकाला कळ्या पाडल्या नाहीत, नुसतं वर एक टोक काढलं, सगळा निळ्या रंगात बुडवला आणि त्याला दोन गोल डोळे नि गालभर पसरलेलं हसू दिलं, की स्लाइम झाला. हात नाहीत, पाय नाहीत, शस्त्र नाही. राजवाड्यातून निघून गवतावर चार पावलं टाकली की चित्र बदलतं, हिरव्या माळरानाची चौकट उघडते आणि तिच्या मधोमध हा बसलेला असतो. तो तुमचा शत्रू आहे असं खेळ सांगतो. त्याच्या चेहऱ्यावरून मात्र तो तुमची वाट बघत होता असं वाटतं.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी खेळ 27 मे 1986 रोजी फॅमिकॉम या यंत्रासाठी बाजारात आला. पात्राच्या कातडीत शिरून, गावोगाव हिंडून, आळीपाळीने लढण्याच्या जपानी खेळांची जी मोठी परंपरा पुढे उभी राहिली, तिचा पाया या खेळाने घातला. त्या परंपरेच्या वेशीवर हा निळा थेंब बसलेला आहे. माझ्या मते असले खेळ कसे खेळावेत हे नवख्या माणसाला त्याच्याइतकं नीट कोणी शिकवत नाही. एक अक्षर न बोलता शिकवतो, आणि दर वेळी स्वतः मरून शिकवतो.

मूळ खेळात त्याची सगळी मालमत्ता एवढीच: अंगात जीव 3, आणि तो हरला की तुम्हाला मिळणारा अनुभव 1. वर एखाददुसरं नाणं. तो उडी मारून आदळतो तेव्हा तुमचा एखादा, फार तर दोन गुण जातात. पहिल्या पायरीवरच्या वीराकडे साधारण पंधरा गुण असतात, म्हणजे याला तुम्हाला मारायचं असेल तर बराच वेळ आणि तुमची मदत लागेल. तरीही काही नवखे खेळाडू त्याच्या हातून मरतात. कसे, ते पुढे सांगतो.

त्याचा जन्म दोन माणसांच्या हातून झाला. युजी होरी हा आवाजी बेटावरच्या सुमोतो गावचा. ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात लिहायचा आणि संगणकावर खेळ रचायचा. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे अमेरिकी खेळ त्याला फार आवडायचे, पण ते पडले जाणकारांचे खेळ. नकाशे वहीवर काढा, इंग्रजी हुकूम पाठ करा, चुकलात की संपलात. ज्या मुलाने संगणकाला कधी हात लावलेला नाही त्यालाही हा आनंद मिळावा, असं होरीच्या मनात होतं. शत्रूंच्या यादीत स्लाइम असावा हे त्याने ‘विझर्ड्री’वरून घेतलं. पाश्चात्त्य कथांमधला स्लाइम म्हणजे ओंगळ, बिनआकाराचा चिखल. होरीनेही कच्च्या चित्रात तसाच एक थुलथुलीत ढीग काढून अकिरा तोरियामाकडे दिला. तोरियामाकडून परत आला तो हा थेंब.

तोरियामा म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’चा कर्ता. आपल्याकडे 2000 नंतरच्या दशकात शाळेतून आल्या आल्या टीव्हीसमोर बसून गोकूची लढाई बघणाऱ्या मराठी मुलांनी त्याचा हात ओळखलेला आहे, नाव माहीत नसलं तरी. मार्च 2024 मध्ये तो गेला तेव्हा त्या मुलांपैकी कितीतरी जण, आता नोकरीला लागलेले, मनापासून हळहळले. फुगलेले स्नायू आणि आकाशात फुटणारे गोळे काढणाऱ्या त्या माणसाने चिखलाचा ढीग हाती आल्यावर दोन वळणांत एक थेंब काढला आणि त्याला हसवलं. घाण वाटणारी गोष्ट त्याने अंगाखांद्यावर घ्यावीशी करून ठेवली. मला हे त्याच्या सगळ्या कामातलं मोठं काम वाटतं. कारण पहिल्याच शत्रूची किळस किंवा धास्ती वाटली असती तर खेळ तिथेच बंद करणारी मुलं हजारोंनी असती.

आता त्याच्यासमोर उभं राहिल्यावर काय होतं ते बघा. काहीच होत नाही. तुम्ही हुकूम देईपर्यंत तो आदळत नाही. एका छोट्या चौकटीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: लढा, मंत्र, पळा, वस्तू. तुम्ही पाणी पिऊन या, दार उघडून दूध घ्या, तो तसाच हसत बसलेला असेल. धावत्या खेळांची सवय असलेल्यांना इथे पहिली अडचण येते. बोटं सळसळत असतात, ती सारखी ‘लढा’वर आपटतात. नवखा माणूस स्लाइमच्या हातून मरतो तो असा. गुण किती उरलेत याच्याकडे न बघता एकामागून एक दहा लढाया मारायच्या, आणि अकराव्या थेंबाला शेवटचा गुण देऊन टाकायचा. स्लाइमचा पहिला पाठ हाच, की इथे वेळ तुमच्या मालकीचा आहे. प्रत्येक हुकुमाआधी आपल्या नावाखालचा आकडा वाचा. अर्ध्यावर आला की गावाकडे वळा. रादातोमच्या खाणावळीत रात्रभर झोपायला सहा नाणी पडतात आणि सकाळी सगळे गुण भरलेले असतात.

रादातोम हे राजाचं गाव. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नाव वेगळं आहे. राजा निघताना पेटीतून 120 नाणी देतो. जगाला वाचवायला निघालेल्याला 120 नाणी, ही फार थोडी वाटतात, पण त्या थोडक्यातच सगळं शिक्षण आहे. दुकानात बांबूची काठी 10, सोटा 60, तांब्याची तलवार 180. अंगावरचा साधा कपडा 20, चामड्याचं चिलखत 70. जखम भरणारी वनस्पती 24. तलवार परवडत नाही, तिच्याकडे बघू नका. माझा हिशेब असा: सोटा, कपडा आणि एक वनस्पती. उरलेल्या 16 नाण्यांत खाणावळीच्या दोन रात्री निघतात. दुसरे लोक दुसरा हिशेब सांगतील आणि तोही चालेल. रिकाम्या हाताने बाहेर पडणं मात्र कोणालाच चालणार नाही. पेटीत नाणी असतात, पण ती आपोआप हातात येऊन वार करत नाहीत. खरेदी केलेलं शस्त्र धारण करायलाही विसरणारे नवखे पुढच्या बऱ्याच खेळांत भेटतात. विकत घेतलं, पिशवीत ठेवलं, आणि नुसत्या मुठींनी लढत राहिले. दुकानातून निघाल्यावर आपल्या पात्राचं पान एकदा उघडून बघण्याची सवय लावून घ्यावी.

मग सात स्लाइम. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायला अनुभव लागतो 7, म्हणजे सात थेंब. तिसऱ्या पायरीला एकूण 23, चौथीला 47. तिसऱ्या पायरीवर होइमी हा पहिला मंत्र येतो, जखम भरण्याचा. चौथीवर गिरा, आगीचा. हे आकडे नुसते वाचले तर कंटाळवाणे वाटतील. माझी भाची पहिल्यांदा फोनवर हा खेळ खेळायला बसली तेव्हा चौथ्या थेंबाला म्हणाली, “मामा, किती वेळ हेच? गोष्ट कधी सुरू होणार?”

“चालूच आहे की.”

“कुठे?”

मी तिला तालमीतलं सांगितलं. माझे आजोबा कोल्हापूरचे. नवा पोरगा तालमीत आला की पहिले कित्येक दिवस त्याला लाल मातीत नुसते जोर आणि बैठका काढायला लावत. मग त्याच्यासमोर जोड म्हणून असा कोणी द्यायचे की जो त्याला उचलून आपटणार नाही, पण त्याच्या पायांना मातीत कसं रोवायचं ते कळेपर्यंत समोर उभा राहील. वस्ताद कडेला बसून बघत असे. ड्रॅगन क्वेस्टमध्ये वस्ताद म्हणजे होरी, माती म्हणजे वाड्याभोवतीचं गवत, आणि ती जोड म्हणजे स्लाइम. सातव्या थेंबानंतर पायरी चढल्याची छोटीशी धून वाजते. भाची तेव्हा मान वर करून माझ्याकडे बघून हसली. पुढचा तासभर ती काही बोलली नाही.

या सरावाला खेळणारे सगळे ‘ग्राइंडिंग’ म्हणतात, आणि बरेचदा त्रासिक स्वरात म्हणतात. दळणच ते. पण जात्यावर बसलेल्या बाईला किती दाणे घालायचे ते हाताला कळतं, तसं इथेही कळू लागतं. एका घावात थेंब मरायला लागला की समजावं, आता थोडं पुढे जायला हरकत नाही. दोन घाव लागत असतील तर अजून इथेच थांबावं. पुढच्या प्रत्येक प्रदेशात, प्रत्येक खेळात हेच माप वापरता येतं. त्या त्या ठिकाणचा सगळ्यात साधा शत्रू किती घावांत पडतो ते बघा, बाकी आकडे नंतर.

वेस ओलांडायची कधी, याचा खेळात एक स्पष्ट खुणेचा दगड आहे: पूल. खेळातल्या जगाच्या, म्हणजे आलेफगार्डच्या, नकाशावर नदीचा पूल ओलांडला की शत्रू बळकट होतात. फलक नाही, सूचना नाही. पूल हीच सूचना. आणि होरीने याहून सुंदर एक गोष्ट केली आहे. वाड्यातून बाहेर पडताच पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. शेवटचा शत्रू पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर. हाकेच्या अंतरावर, पण मधे पाणी, आणि तिथे पोचायला सगळं जग फिरून यावं लागतं. समोर तो काळा किल्ला आणि पायाशी हा निळा थेंब. नवख्याची नजर किल्ल्यावर खिळते. खेळ त्याला थेंबाकडे बघायला शिकवतो.

भाचीची नजर किल्ल्यावरच होती. तिसरी पायरी चढताच ती पूल ओलांडून गेली. खिशात दोनशेच्या वर नाणी, तलवारीसाठी साठवलेली, पण दुकानात परत जायचा कंटाळा केला. पलीकडे दोन लढायांत संपली. या खेळात मेल्यावर सगळं पुसलं जात नाही. डोळे उघडतात ते राजासमोर. अनुभव जसाच्या तसा राहतो, पण जवळची अर्धी नाणी जातात. ती रडली नाही, पण फोन उपडा ठेवून दिला. “आधी का नाही सांगितलंस?” असं तिने विचारलं. मी सांगायला हवं होतं. ज्यांना सांगायचं राहिलंय त्यांच्यासाठी इथे लिहितो: लांब जाण्याआधी नाणी खर्च करून टाका. शस्त्रात, चिलखतात, वनस्पतींत बदलून टाका. अंगावर घातलेलं मरणात जात नाही. आणि वनस्पती घेतली की ती वापरा. पुढच्या मोठ्या लढाईसाठी म्हणून जपून ठेवलेल्या औषधांचं ओझं घेऊन मेलेले वीर या खेळांच्या इतिहासात असंख्य आहेत.

थेंबाचं गोत मोठं आहे. लाल स्लाइम दिसायला तसाच, पण थोडा जड. हाही एक धडाच: आकार ओळखीचा वाटला तरी रंग बघा. मग धातूचा स्लाइम, करडा चकचकीत. त्याचा जीव अवघा 4, पण कातडी अशी की बहुतेक घाव निसटून जातात आणि मंत्र लागू पडत नाहीत. वर तो पळून जातो. तो पडला तर मात्र मूळ खेळात एकदम 115 अनुभव मिळतो. एका थेंबात शंभरावर थेंबांचं दळण. तो दिसला की काळजाचा ठोका चुकतो. मंत्र वाया घालवू नका, घाव घालत राहा, आणि पळाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो सगळ्यांच्याच हातून पळतो.

1990 सालच्या, मालिकेतल्या चौथ्या खेळात आठ साधे थेंब एकमेकांवर चढून मुकुट घातलेला एक प्रचंड राजा होतात. त्याच खेळात जखमा भरणारा एक तरंगता स्लाइम आहे, खाली वेटोळे पाय लोंबणारा, त्याला माणूस व्हायचं असतं. पहिल्या प्रकरणातल्या एकट्या शिपायाबरोबर तो हिंडतो आणि आपण होऊन त्याच्या जखमा भरतो. इतर काही खेळांत गावात बसलेला एखादा स्लाइम भेटतो, आपण वाईट नाही म्हणून सांगतो. म्हणून नवख्याला दुसरी एक सवय सांगावीशी वाटते: गावात जे कोणी उभं आहे त्या प्रत्येकाशी बोला, माणूस असो, कुत्रा असो वा थेंब. या खेळांत वाटेचे पत्ते असेच सापडतात. जवळ कागद-पेन्सिल ठेवली तर फार बरं.

जपानी मुलांना तर वही ठेवावीच लागायची. पहिल्या खेळात प्रगती साठवायची सोय यंत्रात नव्हती. सगळा खेळ 64 किलोबाइटांत बसवलेला. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा इतकी थोडी की काताकाना लिपीतली सगळी अक्षरंसुद्धा त्यात मावली नाहीत. खेळ थांबवताना राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगायचा, पुनरुज्जीवनाचा. तो उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की कालचा दिवस गेला. धूसर टीव्हीवरच्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी किती मुलांना रडवलं असेल. आता यंत्र सगळं आपोआप लक्षात ठेवतं. तरी स्वतःच्या हाताने राजाकडे जाऊन नोंद करण्याची सवय चांगली.

1992 सालच्या पाचव्या खेळात होरीने थेंबाला सगळ्यात मोठा मान दिला. तिथे हरवलेले शत्रू कधीकधी उठून उभे राहतात आणि तुमच्याबरोबर यायची इच्छा दाखवतात. पहिल्यांदा येणाऱ्यांत बहुधा हाच असतो. त्याला घेऊन लढणं सोपं नाही. बाकीचे सोबती एका वारात जे करतात त्यासाठी त्याला चार वार लागतात. बरेच खेळाडू त्याला गाडीत ठेवून विसरतात. पण कोणी जिद्दीने त्याला पायरी पायरीने वर नेलं, अगदी नव्याण्णवाव्या पायरीपर्यंत, तर तिथे तो मोठमोठ्या ड्रॅगनांचा आगीचा लोळ तोंडातून सोडायला शिकतो. खेळ संपवायला इतक्या वर जाण्याची गरज नसते. तिथपर्यंत त्याला नेलेल्या खेळाडूंनी ते केवळ त्याच्यासाठी केलेलं असतं.

जपानमध्ये तो आता सगळीकडे आहे. त्याच्या आकाराचा कंट्रोलर निघाला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा. 2011 साली खिमा भरलेले, वाफवलेले निळे स्लाइम-पाव दुकानांतून विकले गेले. मोदकाची आठवण मला उगाच झालेली नाही. 23 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच मालिकेच्या, कोइची सुगियामांनी रचलेल्या धूनवर. आपल्या इथल्या बहुतेक घरांत ती नुसतीच एक छान धून म्हणून ऐकली गेली असेल. पूल ओलांडण्याआधी ज्यांनी गवतावर सात थेंब मोजले होते त्यांचे डोळे भरून आले.

भाचीने महिनाभराने खेळ संपवला. दरम्यान वाड्याभोवतीच्या गवतावरून जाताना तिला तो भेटत राहिला, पण आता तिचं बळ बघून कधीकधी तोच पळून जायचा. तिला त्याचं वाईट वाटायचं. ड्रॅगनराजा पडला त्या रात्री तिने मला फोन करून बोलावून घेतलं. त्याला हरवलं की खेळ लगेच संपत नाही. राजाला सांगायला पायी परत यावं लागतं, सगळी वाट चालून. आणि त्या वाटेवर कोणीच आडवं येत नाही. जगातले राक्षस नाहीसे झालेले असतात. ती डोंगर उतरली, पूल ओलांडला, वाड्याजवळच्या गवतावर आली. चार पावलं चालली. चित्र बदललं नाही. आणखी चार.

“मामा, तोपण गेला?”

मी हो म्हटलं. ती बराच वेळ तिथेच, वाड्याच्या दारासमोरच्या गवतात, इकडून तिकडे फिरत राहिली. आत राजा वाट बघत होता.